कोळ्याचं ओझं: कोळीमार गांधीलमाशीच्या प्रकल्प नोंदी

३ सप्टेंबर

आजपासून वही सुरू. भिंतीलगतचा उघड्या मातीचा पट्टा निवडला आहे. लांबी साडेतीन मीटर, रुंदी दीड. दिवसभर ऊन, माती भुसभुशीत पण ढासळणारी नाही. एका टोकाला गवत आणि दगडांचा ढीग, ढिगात कोळी भरपूर. साहित्य: वही, पेन्सिल, घड्याळ, मोजपट्टी, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि बुटकं स्टूल.

उद्देश एका ओळीत: कोळीमार गांधीलमाशी कोळ्याला कशी धरते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. गेल्या वर्षी याच पट्ट्यावर एक काळी गांधीलमाशी आपल्याहून जाड कोळी उलट्या पावली ओढत नेताना दिसली होती. झटापट मात्र हुकली. ती हुकलेली झटापट वर्षभर डोक्यातून गेलेली नाही.

आधीपासून माहीत असलेलं थोडं लिहून ठेवतो. कुळाचं नाव पॉम्पिलिडी, जगभरात सुमारे ५,००० जाती. प्रौढ माशीचं पोट मुख्यतः फुलांतल्या मधावर भरतं, कोळी लागतो तो तिच्या अळीला. हिशोब सरळ: एका अळीला एक कोळी. अंड्यातून निघाल्यापासून कोष विणेपर्यंत अळीला जे काही खायला मिळायचं, ते त्या एका कोळ्यात. शिदोरी कमी पडली तर दुसरी नाही.

५ सप्टेंबर

‘कोळीमार’ हा शब्द मी सोयीसाठी वापरतो आहे. एरवी आपण सरसकट गांधीलमाशी म्हणतो, नाहीतर कुंभारीण. घोळ इथेच होतो, कारण कुंभारीणही कोळी पकडते. पण तिची कंबर दोऱ्यासारखी लांब, आणि ती मातीच्या एका खोलीत छोटे छोटे कोळी ठासून भरते. कोळीमार एका खोलीत एकच ठेवते, पण चांगला भरीव ठेवते.

ओळखायची खरी खूण म्हणजे चाल. ही माशी जमिनीवर स्वस्थ उभी म्हणून राहत नाही. दोन पावलं पळते, थबकते, पंख झटकते, वळते, परत पळते. मागचे पाय लांबच लांब, त्यांवर काटे. मादीच्या मिशा टोकाशी वळलेल्या. खिडकीत मरून पडलेली एक सापडली होती, तिच्या छातीच्या बाजूला भिंगातून आडवी खाच स्पष्ट दिसली. या कुळाची ती पक्की खूण, पण जिवंत माशीवर ती बघायला मिळेल ही आशा सोडा.

पट्ट्यावर आज दोन दिसल्या. दोन्ही काळ्या, पंख धुरकट, लांबी अंदाजे १४ मिलिमीटर. याच कुळातल्या अनॉप्लियस गटातली किंवा तिच्या जवळची कुठली तरी असावी. जातीपर्यंत जायच्या भानगडीत पडत नाही. त्यासाठी माशी मारून टाचणीवर लावावी लागते, आणि मला ती चालती हवी आहे.

६ सप्टेंबर

ढग. काही नाही.

८ सप्टेंबर

सकाळी ९:४० ते १०:२० एकाच मादीच्या मागे. चाळीस मिनिटांत ती २३ भेगांत आणि भोकांत शिरली. काहींत नुसतं डोकं घातलं, काहींत पूर्ण गडप झाली आणि भलतीकडून बाहेर आली. मिशा सतत जमिनीवर टेकत होत्या. ती डोळ्यांपेक्षा वासावर चालते, याचा पुरावा १०:०५ ला मिळाला. दगडाखालून एक लांडगा-कोळी सुटला आणि गवताकडे पळाला. चार-पाच सेकंदांनी माशी त्याच दगडाखालून आली. तोवर कोळी एका पानाखाली दबून बसला होता, मला दिसत होता. तिला दिसत नव्हता. तिने कोळी जिथून पळाला ती वाट अर्ध्यापर्यंत बिनचूक धरली, मग चुकली, मग गोल गोल फिरत राहिली. एकदा तर त्याच्यापासून बोटभर अंतरावरून गेली. कोळी हलला नाही, म्हणून वाचला.

हात हलवत गेली. मीही.

११ सप्टेंबर

पाहिली. ११:१७ वाजता, दगडांच्या ढिगाच्या कडेला. चार सेकंद, फार तर पाच.

खरं सांगायचं तर विरस झाला. वर्षभर मनात जी झुंज रंगवली होती तिचा पत्ताच नाही. कोळी भेगेतून बाहेर आला, पुढचे दोन पाय उचलून उभा राहिला. माशी समोरून आली, बाजूला झाली, आणि पुढच्या क्षणी दोघांचं एक गाठोडं मातीत लोळलं. माशीचं पोट कोळ्याच्या खालून वाकलं. गाठोडं सुटलं तेव्हा कोळ्याचे पाय आत वळत होते आणि माशी हातभर लांब उभी राहून मिशा पुसत होती. जणू काही झालंच नाही.

पण ते पोट जिथे वाकलं ती जागा लिहिण्यासारखी आहे. नांगी गेली ती पायांच्या मुळांमध्ये, खालच्या बाजूने. कोळ्याचं डोकं आणि छाती एकच, त्याला शिरोवक्ष म्हणतात, आणि त्याची जवळजवळ सगळी चेतासंस्था तिथे एका गड्ड्यात गोळा झालेली असते. आठही पायांच्या दोऱ्या त्या एका मुठीत. फुलपाखराच्या किंवा पतंगाच्या अळीचं तसं नसतं. तिच्या प्रत्येक वळ्यात वेगळा छोटा गड्डा, म्हणून अळ्या पकडणाऱ्या गांधीलमाश्यांना ठिकठिकाणी डंख मारावे लागतात. कोळीमारला नेमके एक-दोन पुरतात. मात्र त्यासाठी विषारी सुळ्यांच्या खाली घुसावं लागतं.

फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ झाँ आंरी फाब्र यांनी जाळं विणणाऱ्या कोळ्यावर हे बघितलं, तेव्हा त्यांना दोन डंख दिसले होते: पहिला तोंडाजवळ, सुळे निकामी करायला, दुसरा छातीत, पाय बंद करायला. माझ्या माशीने एक मारला की दोन, हे मी सांगू शकत नाही. डोळे तिथेच होते, पण चार सेकंदांत काय काय बघणार?

आणखी एक. विषाने कोळी मरत नाही. अनॉप्लियसच्याच एका जातीच्या विषातून पॉम्पिलिडोटॉक्सिन नावाचा पदार्थ वेगळा काढलेला आहे, १३ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी. चेतापेशीच्या पडद्यात सोडियम आत सोडणारी दारं असतात. एरवी ती उघडतात आणि लगेच मिटतात. या विषाने ती वेळेवर मिटत नाहीत आणि संदेशांचा पार गोंधळ उडतो. मेलेला कोळी दोन दिवसांत सडेल. अळीला मऊ, ताजा, जिवंत पण हालचाल नसलेला कोळी हवा असतो.

१२ सप्टेंबर

कालच्या माशीचं पुढचं काल लिहायचं राहिलं. विरसाच्या भरात स्टूल उचलून निघणार होतो. बरं झालं बसलो.

तिने कोळ्याच्या एका पायाचं मूळ जबड्यात धरलं आणि मागे मागे चालायला लागली. कोळ्याचं वजन तिच्याहून जास्त, उडून नेणं शक्य नाही. गवताच्या काडीत कोळी अडकला की ती सोडून पलीकडे जाई, बघून येई, दुसऱ्या बाजूने ओढी. ६ मीटर ४० सेंटिमीटरला ३८ मिनिटं लागली. तेवढ्यात तिने नऊ वेळा ओझं खाली ठेवलं आणि पुढची वाट पाहून आली. नवव्या वेळी एका रोपट्यावर चढली, जमिनीपासून साधारण ८ सेंटिमीटरवरच्या बेचक्यात कोळी अडकवला, आणि गेली.

बेचक्यात का? तीन मिनिटांत कळलं. खाली मुंग्यांची रांग होती.

इथे एक गोष्ट ठळक करून ठेवतो. माती उकरणाऱ्या बहुतेक गांधीलमाश्या आधी बीळ खणतात, मग शिकारीला निघतात. हिचं उलट. आधी शिकार, मग घर. वरवर हा आततायीपणा वाटतो, पण इतकं जड ओझं लांब नेता येत नाही, तेव्हा कोळी सापडला तिथून जवळ जागा बघणं शहाणपणाचं. त्याची किंमत एवढीच की बीळ होईपर्यंत माल उघड्यावर.

१४ सप्टेंबर

आजची चूक माझी.

दुसरी मादी, दुसरा कोळी, बेचक्यात ठेवलेला. ही पट्ट्याच्या मधोमध खणत होती. पुढच्या पायांवर कंगव्यासारखे ताठ केस असतात, त्यांनी माती उकरून पोटाखालून मागे फेकते. जबड्याने खडे उचलून बाजूला टाकते. तीन जागा थोड्या थोड्या उकरून सोडल्या, चौथी जमली. दर सहा-सात मिनिटांनी काम सोडून कोळी जागेवर आहे का ते बघायला जायची. अशाच एका फेरीला ती गेली असताना मी शहाणपणा केला: बीळ नंतर सापडावं म्हणून त्याच्या शेजारी पाच सेंटिमीटरवर पांढरी काडी रोवली.

ती परतली आणि बीळ हरवलं. काडीपाशी यायची, भोवती घुटमळायची, लांब जायची, परत काडीपाशी. सतरा मिनिटं. बीळ उघडं, तिच्यापासून वीतभरही लांब नाही. शेवटी ती सगळं सोडून अर्ध्या मीटरवर नवीन खणायला लागली.

प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गेन यांनी मधमाश्या पकडणाऱ्या गांधीलमाशीवर केलेला प्रयोग आठवला. १९३२ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. माशी आत असताना बिळाभोवती पाइनच्या शंकूंचं कडं मांडलं, ती ओळखीचं करून घेऊन शिकारीला गेल्यावर कडं बाजूला सरकवलं. परतलेली माशी सरळ कड्याच्या मधोमध उतरली, खरं बीळ जवळच मोकळं असताना. भोक ओळखीचं नसतं, भोवतालच्या खुणा ओळखीच्या असतात. हे सगळं मी वाचलेलं होतं. तरी काडी रोवली.

संध्याकाळी पुतणीला सांगितलं तर ती म्हणाली, “काका, जमिनीत कशाला रोवतोस? भिंतीवर दोन खुणा कर आणि दोन्हींपासून अंतर मोज. भूमितीत शिकवलंय ना.”

भिंतीवर खडूने अ आणि ब. आतापासून प्रत्येक बिळाची दोन अंतरं वहीत. जमिनीला हात लावायचा नाही.

१७ सप्टेंबर

चोरी! १०:५२. एक मादी खणत होती, तिचा कोळी बेचक्यात. तिच्याच जातीची दुसरी रोपट्यापाशी आली, मिशांनी चाचपलं, आणि कोळी खाली ओढला. मालकीण तपासणीच्या फेरीला आली ती नेमकी तेव्हाच. दोघी एकमेकींना भिडल्या, जबडे, पाय, लोळणं. कोळ्याबरोबरच्या झटापटीला चार सेकंद लागले होते, या भांडणाला अडीच मिनिटं. जिंकली कोण ते नक्की सांगता येत नाही. दोघी सारख्याच दिसतात आणि मी कोणावरही रंगाचा ठिपका लावलेला नव्हता. एक निघून गेली, एक कोळी घेऊन राहिली.

पुतणीचा निकाल: “जिच्या तोंडात कोळी, ती मालकीण.”

दुपारी आणखी एक प्रकार. ओझं ओढणाऱ्या माशीच्या मागे वीतभर अंतर राखून करड्या रंगाच्या तीन छोट्या माश्या. ती थांबली की त्या थांबत, दगडावर बसत, तोंड तिच्याकडे. ती चालली की उडत, पण अंतर तेवढंच. सावलीसारख्या. या माश्या अंडी घालत नाहीत, जिवंत अळ्याच सोडतात, कोळ्यावर किंवा बिळाच्या तोंडाशी. त्या अळ्या आत गेल्या तर कोळीही त्यांचा आणि अंडंही गेलं. कोळीमारला त्या मागे आहेत हे कळत असावं. तिने दोनदा कोळी टाकून त्यांच्या अंगावर धाव घेतली आणि एकदा निष्कारण वाटावा असा मोठा वळसा मारला.

१९ ते २१ सप्टेंबर

पाऊस. माती चिकट. तीन दिवस वाचन, म्हणून ही नोंद जरा मोकळी.

या कुळातल्या चोरांच्या तऱ्हा वाचून थक्क झालो. एव्हाजेटीस नावाच्या कोळीमार माश्या स्वतः शिकार करत नाहीत. दुसरीने बंद केलेलं बीळ हुडकून उकरतात, आतलं अंडं खातात, त्याच कोळ्यावर आपलं घालतात आणि बीळ पुन्हा नीट बंद करतात. सेरोपेलीसची मादी तर बिळाची वाटही बघत नाही. दुसरी माशी कोळी ओढत असतानाच ती कोळ्याच्या पोटाखाली पुस्तकाच्या पानांसारखे थर असलेलं जे फुप्फुस असतं, त्याच्या फटीत अंडं सरकवते. मालकीण तो कोळी इमानाने पुरते, वर आपलं अंडं घालते, बीळ लिंपते. आत लपलेलं अंडं आधी उबतं, आणि त्यातून निघालेली अळी पहिलं काम करते ते मालकिणीचं अंडं संपवायचं. चोरावर मोर म्हणतात ते याहून वेगळं काय असणार?

उलट टोकाला काही जाती बीळ खणण्याच्या फंदातच पडत नाहीत. होमोनोटस कोळ्याला त्याच्याच रेशमी घरात गाठते, डंख मारते आणि तिथेच अंडं घालून निघून जाते. ओढणं नाही, खणणं नाही.

घर राखण्याचा सर्वांत चमत्कारिक प्रकार चीनमधला, २०१४ साली वर्णन झालेला. ड्युटराजेनिया ओसारियम. पोकळ काडीत ओळीने खोल्या करते आणि दाराजवळची शेवटची खोली मेलेल्या मुंग्यांनी भरते. जातीच्या नावातच अस्थींचं कोठार आहे. मुंग्यांच्या वासाने लुटारू लांब राहत असावेत, असा अर्थ लावला गेला.

टारँटुला हे मोठे केसाळ कोळी पकडणाऱ्या पेप्सिस या कोळीमार माशीबद्दल सगळीकडे भरभरून लिहिलेलं असतं. कीटकशास्त्रज्ञ जस्टिन श्मिट यांच्या, डंखाच्या वेदनेच्या मोजपट्टीवर तिचा डंख सर्वांत वरच्या, चौथ्या पायरीवर. वेदना भयानक, पण काही मिनिटांत ओसरते. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याने १९८९ साली तिला राज्यकीटक केलं. मला मात्र ही प्रसिद्धी जरा एकांगी वाटते. डंखाचं कौतुक फार, आणि त्यानंतर तो अगडबंब कोळी बिळात नेऊन पुरण्याचं कोणाला पडलेलं नसतं. दोन आठवड्यांपूर्वी मीही याच रांगेत होतो.

कोळ्यांची बाजूही थोडी नोंदवायला हवी. नामिब वाळवंटातला एक कोळी ही माशी मागे लागली की पाय दुमडून चाकासारखा वाळूच्या टेकडीवरून गडगडत खाली जातो. मासेमार कोळी पाण्याखाली दडतात, पण अनॉप्लियसची एक जात त्यांच्यामागे पाण्यातही उतरते.

२३ सप्टेंबर

ऊन परत. आज पहिल्यांदाच बीळ बंद होताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायला मिळालं. अ पासून १ मीटर ८२, ब पासून ९४ सेंटिमीटर. बीळ क्रमांक ३.

११:३० ला ती कोळी घेऊन बिळाशी आली. तोंडाशी ठेवला, आत जाऊन वळून डोकं बाहेर काढलं, आणि त्याला आत ओढून घेतलं. अकरा मिनिटं आत. अंडं याच वेळात घातलं जातं. मग मागे मागे बाहेर आली आणि बीळ बुजवायला लागली. आधी बाजूची माती पायांनी आत लोटली, मग पोटाचं टोक भोकात घालून ठोकायला सुरुवात. पोट इतक्या वेगाने थरथरतं की कडा धूसर दिसते. माती लोटायची, ठोकायची. लोटायची, ठोकायची. सव्वीस मिनिटं.

भोक जमिनीशी सपाट झाल्यावर मला वाटलं झालं. झालं नव्हतं. नंतर ती बाजूला सांडलेली उकरलेली माती पसरत बसली. ओली माती गडद दिसते, ती तशीच राहिली तर जागा उघडी पडते. वर काड्या, खडे, वाळक्या पानाचा एक तुकडाही ओढून आणला. १२:१६ ला ती उडाली. मी नजर न हलवता त्या जागेकडे बघत होतो, तरी घड्याळ बघून परत वर मान केली तर जागा सापडेना. दोन अंतरं मोजूनच सापडली.

हिशोब मांडून बघितला. शिकार: चार सेकंद. ओढणं, खणणं, पुरणं, पुसणं: दोन-अडीच तास. प्रकल्पाचं पहिलं पान उघडून ‘उद्देश’ खोडला आणि ‘बीळ’ असा एक शब्द लिहिला.

२४ सप्टेंबर

बीळ उघडायचं. क्रमांक १ मी परवाच वरून खणून वाया घालवलं होतं. माती कोसळली, कोळी चेंगरला, अंडं सापडलंच नाही. आज रीत बदलली. आधी बाजूला खड्डा घेतला, मग चमचा आणि मऊ ब्रशने आडवं आडवं बिळाकडे सरकलो. वाट कळावी म्हणून गवताची लवचीक काडी भोकातून सोडली होती.

बीळ तिरकं, शेवटी जरा रुंद खोली, जमिनीपासून ७ सेंटिमीटर खोल. कोळी कुशीवर, पाय आत घेतलेले. पोटाच्या बाजूला वरच्या अंगाला एकच अंडं: पांढरट, किंचित वाकलेलं, दोन मिलिमीटरही नाही. ब्रशने पायाला स्पर्श केला तर टोकाचा सांधा थरथरला. जिवंत आहे.

डबी क्रमांक ३: तळाला ओलसर केलेलं प्लास्टर, वर बारीक माती, झाकणाला भोकं. कोळ्याची लांबी ९ मिलिमीटर, म्हणजे या मोसमात पाहिलेल्यांत लहानच.

२७ सप्टेंबर

अंडं फुटलं. अळीने जागा सोडलेली नाही, तोंड जिथे चिकटलं तिथेच.

२८ सप्टेंबर

डबीत फरक: अळी किंचित मोठी. पट्ट्यावरून क्रमांक ४ आणि ५ ची बिळं उघडून डब्यांत ठेवली. ५ मधला कोळी दणदणीत, १५ मिलिमीटर.

३० सप्टेंबर

अळी आता तांबूस पांढरी, कोळ्याच्या पोटाचा निम्मा भाग पोकळ दिसतो. तरीही पायाचं टोक आज सकाळी हललं. तीन दिवस झाले, आतून खाल्ला जातो आहे आणि जिवंत आहे. अळी हृदय आणि चेतासंस्था शेवटपर्यंत राखून खाते म्हणून हे जमतं. क्रम चुकला तर मांस नासेल आणि तिचीच उपासमार.

पुतणी बराच वेळ भिंगातून बघत होती. मग म्हणाली, “मला हे आवडत नाहीये, पण उद्या परत बघायचंय.”

भृंगी-कीटक न्याय इथे आठवल्यावाचून राहत नाही. भृंगी किडा पकडून मातीच्या घरात कोंडते, त्याच्याभोवती गुणगुणते, आणि तिचाच ध्यास घेऊन किडा स्वतः भृंगी होऊन बाहेर येतो. जुन्या लोकांनी घरात गेलेला किडा बघितला, बाहेर आलेली भृंगी बघितली, आणि मधली भिंत त्यांना दिसली नाही. निरीक्षण दोन्ही टोकांना बरोबर होतं. भिंतीआड जे चालतं ते इतकं क्रूर असेल अशी कल्पना करण्यापेक्षा त्यांनी भक्ती कल्पिली, हे मला त्यांच्या बाजूने मोजावंसं वाटतं.

२ ऑक्टोबर

डबी ४ गेली. अंड्यावर पांढरी बुरशी. झाकणाच्या आत पाण्याचे थेंब होते, म्हणजे प्लास्टर जास्त ओलं झालं. चूक माझीच.

४ ऑक्टोबर

डबी ३: कोळ्याचं सगळं संपलं. छातीचा भागही शेवटच्या दिवसात फस्त, उरले पायांचे तुकडे आणि थोडं कवच. अळी कोष विणते आहे. डोकं इकडून तिकडे, तासन् तास.

६ ऑक्टोबर

पट्ट्याबाहेरचा शोध. उपड्या पडलेल्या रिकाम्या कुंडीच्या आत मातीच्या पाच खोल्या, प्रत्येक छोट्या पिंपासारखी, बाहेरून ठिपक्याठिपक्यांची. आधी कुंभारीणच वाटली. एक खोली फुटलेली होती, तिच्यात कोळी एकच. आणि त्याला पाय नव्हते.

ही ऑप्लोपस किंवा तिच्या जवळची. कोळीमार कुळातच काही जणी खणणं सोडून गवंडीकाम करतात. तोंडाने पाणी आणून माती भिजवतात, गोळी लावतात, आणि पोटाचं टोक थापीसारखं फिरवून सारखी करतात. पट्ट्यावरच्या माशीचं टोक ठोकण्याचं, हिचं लिंपण्याचं. हत्यार तेच. इथे क्रमही उलटा, आधी खोली आणि मग शिकार.

“पाय का तोडले, काका?”

ओझं कमी करायला. पाय गेले की कोळी आटोपशीर गाठोडं होतो, काडीला अडकत नाही, पोटाखाली धरून नेता येतो, थोडं उडताही येतं. खोलीही लहान पुरते. अळीला पायांत फारसं खाण्यासारखं नसतंच. पट्ट्यावरच्या माशीला अडतीस मिनिटं काड्यांत अडखळताना बघितल्यावर या उपायाचं मोल कळतं.

कुंडी जशी होती तशी उपडी ठेवली.

१२ ऑक्टोबर

बीळ क्रमांक ६ उघडलं. कोळीमारची अळी नाही. कोळ्याच्या अवशेषांवर चार पांढऱ्या, निमुळत्या, बिनपायांच्या अळ्या वळवळत होत्या. त्या करड्या सावल्यांच्या. हे बीळ मी पूर्ण बंद होताना पाहिलं होतं, झाकलेली जागाही निर्दोष होती. माल आत जाण्याआधीच हरलेला होता.

सहा बिळांचा हिशोब: १ मी बिघडवलं, २ सापडलं नाही (मोजमाप चुकीचं लिहिलं), ३ कोषात, ४ बुरशी, ५ कोषात, ६ चोरांनी खाल्लं. आकडे एवढेच, त्यांवरून काही सिद्ध करण्याचा इरादा नाही. सहांतली तीन माझ्या हातून गेली, तेव्हा या पट्ट्यावरचा सर्वांत मोठा शत्रू कोण ते वेगळं सांगायला नको.

१३ ते २५ ऑक्टोबर

पट्ट्यावर माश्या कमी होत गेल्या. १९ तारखेनंतर एकही नाही. डब्या रोज बघितल्या, लिहिण्यासारखं काही नाही.

२७ ऑक्टोबर

सकाळी डबी ३ मध्ये खुडखुड. कोषाचं टोक गोल कापलेलं, झाकणाला उलटी चिकटलेली माशी. अंग बारीक, लांबी जेमतेम ८ मिलिमीटर, मिशा सरळ. नर.

२४ सप्टेंबरच्या नोंदीत कोळ्याची लांबी लिहिली होती, ते बरं केलं. या माश्यांत फलित अंड्यातून मादी होते, अफलित अंड्यातून नर, आणि अंडं घालताना कोणतं घालायचं ते आईच्या हातात असतं. लहान कोळी मिळाला की ती बहुधा नराचं अंडं घालते, मोठा मिळाला की मादीचं. नराला ना कोळी ओढायचा असतो ना बीळ खणायचं, लहान अंगावर त्याचं भागतं. म्हणजे ओझं बिळात ओढून घेतल्यावरच्या त्या अकरा मिनिटांत फक्त अंडं घातलं गेलं नव्हतं, शिदोरीचं मापही घेतलं गेलं होतं. एका डबीवरून नियम सांगता येत नाही. १५ मिलिमीटरच्या कोळ्याची डबी ५ अजून बंद आहे. पुतणीने झाकणावर आधीच चिठ्ठी चिकटवली आहे: “मुलगी.”

११ वाजता डबी ३ पट्ट्यावर नेऊन झाकण काढलं. नर काठावर चढला, मिशा पुसल्या, पंख दोनदा झटकले, आणि गवताच्या बाजूला उडाला. माती आज सुकी. अ आणि ब च्या खडूच्या खुणा पावसाने पुसट झाल्या होत्या, त्या परत गडद केल्या.